नॉयबर्गताल : वचनांवर वसलेले गाव

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, अमेरिकेच्या सीमेजवळ आणि अल्टोना या छोट्या शहराच्या आग्नेयेस काही किलोमीटरवर, नॉयबर्गताल नावाचे एक गाव आहे. एक सरळ रस्ता, त्याच्या दुतर्फा पॉप्लरच्या कुळातील उंच कॉटनवुड वृक्षांच्या रांगा, रस्त्यापासून आत सरकवून बांधलेली लाकडी घरे, काही घरांना जोडूनच उभारलेले गोठे आणि प्रत्येक घरामागे पट्टीसारखी लांबवर गेलेली जमीन, एवढाच त्याचा पसारा आहे. १८७६ हे या गावाचे स्थापनावर्ष मानले जाते. येथे कोणती लढाई झाली नाही की कोणत्या राज्यकर्त्याचा जन्म झाला नाही. तरीही १९८९ मध्ये कॅनडा सरकारने या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. दक्षिण मॅनिटोबात एकेकाळी मेनोनाइट पंथीयांची अशी शंभरावर 'रस्ता-गावे', म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरे आणि भोवताली सामाईक शेती असलेली गावे, होती. त्यांपैकी आपला मूळ आराखडा इतक्या स्पष्टपणे जपणारी गावे आता फार थोडी उरली आहेत.

नॉयबर्गतालच्या इतिहासात दोन प्रकारची वचने एकमेकांत गुंतलेली आहेत. सत्तेने समाजाला दिलेली वचने शिक्कामोर्तब होऊन कागदावर उतरली, तर शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेल्या वचनांना बहुतेक वेळा कायद्याचे पाठबळ नव्हते. पहिल्या प्रकारच्या वचनांच्या भरवशावर या लोकांनी देश सोडले, समुद्र ओलांडले आणि उजाड माळावर वस्ती केली. पण त्या माळावर त्यांना तगवून धरले ते दुसऱ्या प्रकारच्या वचनांनी. या दोहोंतील अंतर नेमके किती असते आणि ते कोणाला किती महागात पडते, हे समजून घेण्यासाठी या लहानशा गावाचा इतिहास मुळापासून पाहावा लागतो.

पंथ आणि त्याची भटकंती

मेनोनाइट पंथाची पाळेमुळे सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारणेत आहेत. जानेवारी १५२५ मध्ये झुरिक शहरात काही तरुण सुधारकांनी एकमेकांना नव्याने बाप्तिस्मा दिला. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देण्यात अर्थ नाही, श्रद्धा हा जाणत्या माणसाने समजूनउमजून घ्यायचा निर्णय आहे आणि म्हणून बाप्तिस्माही प्रौढपणीच घ्यावा, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना विरोधकांनी ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुनर्बाप्तिस्मा घेणारे, असे नाव दिले. जन्माबरोबर प्रत्येक मूल चर्चचे आणि त्याच ओघात राज्याचे होते, या व्यवस्थेलाच त्यामुळे धक्का बसत असल्याने कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही सत्तांनी त्यांचा छळ केला, अनेकांना बुडवून किंवा जाळून मारले. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड भागातील मेनो सायमन्स या धर्मगुरूने १५३६ मध्ये कॅथलिक चर्च सोडून या विखुरलेल्या लोकांना संघटित केले आणि त्याच्याच नावावरून त्यांना मेनोनाइट म्हटले जाऊ लागले. शस्त्र न उचलणे, शपथ न घेणे, राज्यसत्तेपासून अंतर राखणे आणि मंडळीच्या शिस्तीत साधेपणाने राहणे ही त्यांच्या आचाराची मुख्य सूत्रे होती.

छळ टाळण्यासाठी नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीतील अनेक मेनोनाइट कुटुंबे सोळाव्या शतकातच विस्तुला नदीच्या त्रिभुज प्रदेशात, आजच्या पोलंडमधील ग्दान्स्कच्या परिसरात, जाऊन राहिली. दलदलीतील पाणी बांध घालून हटवण्याची विद्या त्यांच्या हाती होती आणि तेथील जमीनदारांना अशाच हातांची गरज होती. पुढच्या दोन शतकांत त्यांची डच भाषा मागे पडली, चर्चमध्ये उच्च जर्मन आली आणि घरात स्थानिक निम्न जर्मन रुजली. प्लाउटडीच या नावाने ओळखली जाणारी तीच बोली पुढे रशिया, कॅनडा आणि लॅटिन अमेरिकेपर्यंत त्यांच्याबरोबर गेली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रदेश प्रशियाच्या ताब्यात आला तेव्हा सैनिकी राज्याने शांततावादी शेतकऱ्यांच्या जमीनखरेदीवर निर्बंध घातले आणि वाढत्या कुटुंबांना नवी भूमी शोधणे भाग पडले.

ही भूमी रशियाच्या सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरिनने देऊ केली. तुर्कांशी झालेल्या युद्धांनंतर काळ्या समुद्राच्या उत्तरेचे गवताळ पठार रशियाच्या हाती आले होते, झापोरोझियन कोसॅकांचे ठाणे १७७५ मध्ये उद्ध्वस्त करण्यात आले होते आणि या प्रदेशात स्थिरपणे शेती करणारे लोक वसवणे हे साम्राज्याचे धोरण होते. १७८९ मध्ये नीपर नदीकाठी खोर्तित्सा ही पहिली मेनोनाइट वसाहत उभी राहिली आणि १८०४ पासून मोलोचना ही दुसरी. प्रत्येक कुटुंबाला ६५ देस्यातिना, म्हणजे सुमारे १७५ एकर जमीन, स्वतःच्या शाळा, स्वतःची ग्रामव्यवस्था आणि लष्करी सेवेतून कायमची सूट, अशी ही वचने होती. १८०० मध्ये सम्राट पॉलने सनद देऊन त्यांवर शिक्कामोर्तब केले. अशा सनदेला मेनोनाइट लोक 'प्रिव्हिलेगियुम' म्हणत, आणि ती त्यांच्या लेखी पेटीत जपून ठेवण्याच्या चीजवस्तूइतकी मोलाची होती.

लोकसंख्या वाढली तशी जमीन अपुरी पडू लागली. १८३६ मध्ये खोर्तित्सा वसाहतीतील भूमिहीन कुटुंबांसाठी मारियुपोलच्या परिसरात बर्गताल नावाची उपवसाहत स्थापन झाली. तीत बर्गताल, शॉनफेल्ड, शॉनताल, हॉयबोडेन आणि फ्रीडरिशताल ही पाच गावे होती. मोठ्या वसाहतींच्या तुलनेत ती आकाराने लहान आणि बाजारपेठांपासून दूर होती, व जुन्या वळणाला धरून होती. मॅनिटोबातील नॉयबर्गतालने पुढे या वसाहतीचेच नाव चालवले.

एक पत्र आणि एक ठराव

क्रिमियन युद्धातील पराभवानंतर रशियाने राज्ययंत्रणेची फेररचना हाती घेतली आणि १८७० च्या सुमारास सर्व प्रजाजनांना लष्करी सेवा सक्तीची होणार हे स्पष्ट झाले. तसा कायदा १८७४ मध्ये आलाही. कायमची म्हणून दिलेली सूट शंभर वर्षेही टिकली नव्हती. १८७३ च्या उन्हाळ्यात मेनोनाइट वसाहतींनी बारा प्रतिनिधींना उत्तर अमेरिकेची पाहणी करण्यासाठी पाठवले. कॅनडा सरकारच्या वतीने विल्यम हेस्पेलर या अधिकाऱ्याने त्यांना मॅनिटोबा दाखवले. डासांनी भरलेला दलदलीचा मुलूख पाहून बहुतेक प्रतिनिधींनी अमेरिकेतील कॅन्सस आणि नेब्रास्का यांना पसंती दिली. बर्गतालच्या प्रतिनिधींनी मात्र मॅनिटोबा निवडले, कारण लष्करी सेवेतून सूट आणि स्वतःच्या शाळा यांविषयीचे लेखी आश्वासन अमेरिका देत नव्हती आणि कॅनडा देत होता.

हे लेखी आश्वासन जुलै १८७३ मध्ये शेती खात्याचे सचिव जॉन लो यांच्या पत्रातून मिळाले. लष्करी सेवेतून पूर्ण सूट, आठ टाउनशिप इतका राखीव प्रदेश, प्रत्येक पात्र पुरुषाला १६० एकर जमीन, धर्माचरणाचे अबाधित स्वातंत्र्य आणि तेच स्वातंत्र्य मुलांच्या शिक्षणालाही, असे या पंधरा कलमी पत्राचे सार होते. टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा मोजणीचा चौकोन. प्रतिनिधी हे पत्र घेऊन आनंदाने परतले. पण ऑगस्ट १८७३ मध्ये कॅनडाच्या मंत्रिमंडळाने या आश्वासनांना ठरावाने मान्यता दिली, तेव्हा शिक्षणाविषयीच्या कलमात एक छोटीशी भर पडली होती : मुलांच्या शिक्षणाचे हे स्वातंत्र्य कायद्यात जशी तरतूद असेल त्याप्रमाणे राहील. १८६७ च्या कॅनडाच्या राज्यघटनेनुसार शिक्षण हा विषय मुळातच प्रांतांच्या अखत्यारीतला होता आणि केंद्र सरकारला त्याविषयी असे वचन देण्याचा अधिकारच नव्हता. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना माहीत होते ते पत्र. ठरावातील फरक पुढे कोर्टकचेरीची वेळ आली तेव्हा उमगला.

पत्रावर विसंबून बर्गताल वसाहत जवळजवळ संपूर्ण उठली. मंडळीचे प्रमुख धर्मगुरू, ज्यांना ते 'एल्टेस्टर' म्हणत, त्या गेरहार्ड वीबे यांच्या नेतृत्वाखाली १८७४ ते १८७६ या काळात सुमारे तीन हजार माणसे निघाली. रशियातून त्या दशकात निघालेल्या सतरा-अठरा हजार मेनोनाइटांपैकी सुमारे सात हजार मॅनिटोबात आले. जर्मनीतील हॅम्बुर्ग बंदरातून इंग्लंडमार्गे क्वेबेक, तेथून रेल्वे, सरोवरातील बोटी आणि शेवटी रेड नदीवरील आगबोट, असा हा प्रवास होता. पहिली तुकडी १ ऑगस्ट १८७४ रोजी रेड आणि रॅट या नद्यांच्या संगमावर उतरली. गरीब कुटुंबांसाठी कॅनडा सरकारने सुमारे एक लाख डॉलरचे कर्ज दिले. त्याला जामीन राहिले ते ऑन्टॅरिओ प्रांतातील मेनोनाइट, ज्यांचे पूर्वज निराळ्या वाटेने, स्वित्झर्लंड आणि पेनसिल्व्हेनियामार्गे, कॅनडात आले होते आणि ज्यांची या नवागतांशी पूर्वीची ओळखदेखही नव्हती. टोळधाडींनी सुरुवातीची पिके फस्त केली, तरी १८९२ पर्यंत या कर्जाची परतफेड झाली.

ही जमीन कोणाची होती

सरकारी माहितीपत्रकांत हा प्रदेश 'मोकळा' म्हणून दाखवला जात असे, पण तो मोकळा नव्हता. ३ ऑगस्ट १८७१ रोजी लोअर फोर्ट गॅरी येथे ब्रिटिश राजसत्तेने अनिशिनाबे आणि स्वॅम्पी क्री या मूळ रहिवाशांशी तह केला. तो 'पहिला तह' म्हणून ओळखला जातो आणि नॉयबर्गतालची जमीन त्याच्याच कक्षेत येते. या तहानुसार पाच माणसांच्या एका कुटुंबामागे १६० एकर याप्रमाणे राखीव जमीन ठरली. दोनच वर्षांनी मेनोनाइट पत्रात हाच १६० एकरांचा आकडा आला, तो मात्र एकेका प्रौढ पुरुषामागे. तहाच्या वाटाघाटींत अवजारे, गुरे आणि इतर मदत यांविषयी तोंडी दिलेली अनेक आश्वासने तहाच्या लेखी मजकुरात उतरलीच नाहीत. इतिहासात ती 'तहाबाहेरील वचने' या नावाने प्रसिद्ध आहेत, आणि मूळ रहिवाशांनी सतत पाठपुरावा केल्यानंतर १८७५ मध्ये सरकारला त्यांतील काहींची दखल घ्यावी लागली. मूळ रहिवासी आणि फ्रेंच व स्कॉटिश व्यापारी यांच्या संबंधांतून निर्माण झालेल्या मेटी समाजालाही १८७० च्या मॅनिटोबा कायद्याने त्यांच्या मुलांसाठी १४ लाख एकर जमिनीचे वचन दिले होते. सरकारने ते पार पाडण्यात पुरेशी तत्परता दाखवली नाही, असा निर्वाळा कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला.

एकाच सरकारने, एकाच दशकात, एकाच भूमीविषयी तीन समाजांना शब्द दिला आणि तिन्ही वेळा दिलेला शब्द आणि लिहिलेला शब्द, किंवा लिहिलेला शब्द आणि केलेली कृती, यांत अंतर पडले. रशियात कोसॅक आणि नोगाई तातार यांच्या चराऊ भूमीवर मेनोनाइट वसाहती उभ्या राहिल्या होत्या. मॅनिटोबात तोच प्रकार पुन्हा घडला. शस्त्र न उचलणाऱ्या लोकांना जमीन मिळाली ती इतरांच्या शस्त्रांनी आणि कायद्यांनी रिकामी केल्यानंतर, ही गोष्ट अलीकडच्या काळात मेनोनाइट इतिहासकारांनी स्वतःच स्पष्टपणे मांडली आहे आणि नॉयबर्गतालचा कोणताही प्रामाणिक इतिहास ती वगळून लिहिता येणार नाही.

चौकोनी मोजणीवरचे लांबट गाव

रेड नदीच्या पूर्वेकडील पहिल्या राखीव प्रदेशातील बरीच जमीन दगडाळ आणि पाणथळ निघाली. त्यामुळे १८७५ नंतर नदीच्या पश्चिमेला सतरा टाउनशिपचा दुसरा प्रदेश राखून ठेवण्यात आला. हिमयुगाच्या अखेरीस आटलेल्या अगासिझ या प्रचंड सरोवराचा हा तळ. काळी, चिकण, सुपीक माती आणि क्षितिजापर्यंत झाड नाही, असा हा मुलूख होता; इंधन, लाकूड आणि आडोसा नसल्यामुळे इतर वसाहतकरी तो टाळत असत. रशियातील गवताळ पठारावर तीन पिढ्या काढलेल्या लोकांना मात्र उघड्या माळावर कसे राहावे हे ठाऊक होते. पहिले हिवाळे त्यांनी 'झेमलिन' नावाच्या निवाऱ्यांत काढले. जमीन अर्धी खोदून, वर गवताळ मातीचे थर आणि छप्पर घालून बनवलेल्या या निवाऱ्यांची रीत आणि त्यांचे नाव, दोन्ही रशियातून आलेली होती. याच पश्चिम प्रदेशात परस्परांच्या नात्यागोत्यातील बर्गतालकर कुटुंबांनी नॉयबर्गताल वसवले.

कॅनडाच्या पश्चिमेकडील भूमापन एका साध्या नियमावर आधारलेले होते. सगळा मुलूख एक चौरस मैलाच्या चौकोनांत विभागायचा, त्याचे चार भाग करायचे आणि १६० एकरांचा एकेक भाग एकेका शेतकऱ्याला द्यायचा. त्याने त्याच जमिनीवर घर बांधून राहायचे. या पद्धतीत शेजारी अर्धा मैल दूर जातो आणि गाव तयारच होत नाही. मेनोनाइटांना हे मान्य नव्हते. कायद्यातील वस्तीविषयक सवलतीमुळे एकत्र वस्ती करून राहण्याची मुभा मिळाल्यावर त्यांनी कागदोपत्री प्रत्येकाच्या नावावर १६० एकर नोंदवून घेतले आणि प्रत्यक्षात त्या सर्व जमिनी एकत्र करून गावाची शेती केली. गावाच्या रस्त्यालगत प्रत्येकाची घरवाडी, त्यापलीकडे सामाईक गायरान आणि मग जमिनीच्या प्रतीप्रमाणे पाडलेली मोठी शेते; या प्रत्येक शेतात प्रत्येक कुटुंबाला एकेक लांब पट्टा मिळे. त्यामुळे उत्तम, मध्यम आणि पाणथळ जमीन सर्वांच्या वाट्याला सारखी येई आणि कोणाच्या नशिबी केवळ दलदल येत नसे. गावाचा गुराखी सकाळी रस्त्यावरून निघे, घराघरातून गाई त्याच्या कळपात सामील होत आणि संध्याकाळी आपापल्या फाटकाशी परतत. वर्षाकाठी निवडला जाणारा 'शुल्त्से', म्हणजे गावाचा कारभारी, रस्ते, कुंपणे, गुराखी आणि शिक्षकाचा पगार यांची व्यवस्था पाही.

या रचनेची ताकद आणि दुर्बलता एकाच ठिकाणी होती. कायद्याच्या दृष्टीने जमीन व्यक्तीची होती आणि गावाचा करार केवळ परस्परविश्वासावर उभा होता. एखाद्या शेतकऱ्याला वाटले की आपल्या नावावरचे १६० एकर सलग कसावेत, तर त्याला अडवण्याचा अधिकार कोणत्याही न्यायालयाकडे नव्हता, आणि त्याची जमीन गावच्या शेतांच्या मधोमध असली तर एकट्याच्या बाहेर पडण्याने सगळ्यांचे पट्टे विस्कटत. काही कडव्या मंडळ्यांनी असे करणाऱ्यांना मंडळीतून बहिष्कृत केले. बर्गतालकरांची मंडळी त्या मानाने सौम्य होती. यंत्रे आली, गव्हाला बाजार मिळाला, १८८३ मध्ये ग्रेटना आणि १८९५ मध्ये अल्टोना ही रेल्वेची गावे उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत बहुतेक गावांतील सामाईक शेती संपुष्टात आली. अनेक गावे माळावर विखुरली आणि नकाशावर केवळ नावे उरली.

नॉयबर्गतालमध्येही सामाईक शेती संपली, पण वस्ती विखुरली नाही. लोकांनी आपापली शेते वेगळी केली आणि घरे मात्र रस्त्याकाठीच ठेवली. जे एकत्र राहणे आधी शेतीची गरज म्हणून पत्करले होते, ते आता कोणतीही सक्ती नसताना निवडले गेले, आणि गावाच्या इतिहासातील हा सर्वांत निर्णायक क्षण म्हणावा लागेल, जरी त्याची कोणतीही एक तारीख सांगता येत नाही.

घर-गोठा आणि रोजचे जगणे

नॉयबर्गतालची वास्तुपरंपरा समजून घ्यायची तर 'घर-गोठा' ही रचना जवळून पाहावी लागते. घर आणि गोठा एकमेकांना जोडलेले असतात आणि मधल्या बंद वाटेतून एकाकडून दुसऱ्याकडे जाता येते. उणे तीस अंशांपर्यंत उतरणाऱ्या हिवाळ्यात, हिमवादळ चालू असताना, बाहेर पाऊल न टाकता दूध काढता येते आणि गुरांना चारा घालता येतो. घराच्या मध्यभागी विटांची मोठी भट्टी असते. तिच्याभोवती खोल्या अशा रचलेल्या असतात की एकाच भट्टीच्या भिंती त्या सर्व खोल्यांना ऊब देतात. लाकूड नव्हते तेव्हा या भट्टीत पेंढा जाळत, नाहीतर गोठ्यातील शेणात काडीकचरा मिसळून, तुडवून, उन्हात वाळवलेले चौकोनी तुकडे जाळत, ज्यांचे गोवरीशी असलेले नाते मराठी वाचकाच्या सहज ध्यानात येईल. दर्शनी मोठी खोली पाहुण्यांसाठी आणि सणासमारंभांसाठी राखलेली असे. तिथे मुलीला लग्नात दिलेली लाकडी पेटी असे, दिवसा बाक आणि रात्री पलंग होणारे फर्निचर असे, आणि ऐपतदार घरात खोर्तित्सा वसाहतीतील क्रोगर कुटुंबाने बनवलेले, उघड्या लंबकाचे भिंतीवरचे घड्याळ असे. फळ्यांच्या जमिनीवर स्त्रिया रंगांनी फुले, पाने आणि भौमितिक नक्षी काढत. पुढे लिनोलियमखाली झाकल्या गेलेल्या अशा जमिनी अलीकडे स्थानिक कलावंतांनी शोधून काढल्या आहेत आणि साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या या समाजात सौंदर्याला पायाखाली जागा मिळाली होती, हे त्यामुळे पुढे आले आहे.

स्वयंपाकघरात तर सगळ्या स्थलांतरांचा इतिहास एकत्र नांदतो. रविवारी दुपारी चारच्या सुमारास होणाऱ्या, 'फास्पा' नावाच्या हलक्या जेवणात 'त्स्वीबाक' हे एकावर एक दोन गोळे ठेवून भाजलेले पाव, लोणी, मुरांबा, चीज आणि कॉफी असते. हे विस्तुलाकाठचे देणे. पनीर भरून उकडलेली 'वरेनिकी' आणि कोबीचे 'बोर्श्त' हे सूप युक्रेनमधले. उन्हाळ्यात तळलेल्या 'रोलकुकेन'बरोबर कलिंगड खाण्याची प्रथाही तिथलीच, आणि कलिंगडासाठी प्लाउटडीच बोलीत आजही रशियन वळणाचा शब्द आहे. सूर्यफुलाच्या बिया फोडत गप्पा मारण्याची सवयही त्याच प्रदेशातून आली. पुढे सूर्यफूल हे या भागाचे महत्त्वाचे पीक बनले आणि १९४६ मध्ये अल्टोना येथे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचा तेलाचा कारखाना सुरू झाला.

शेजाऱ्यांमधील वचनाचे सर्वांत प्रगल्भ रूप म्हणजे 'वाइझेनआम्ट', शब्दशः अनाथांची कचेरी. कुटुंबातील पती किंवा पत्नी मरण पावली की मंडळीने नेमलेले विश्वस्त मालमत्तेची नोंद करत. निम्मा हिस्सा हयात जोडीदाराकडे जाई आणि उरलेला निम्मा सर्व मुलांमध्ये, मुलगे आणि मुली असा भेद न करता, समान वाटला जाई. अज्ञान मुलांचा हिस्सा ही संस्था सांभाळी, गरजू शेतकऱ्यांना व्याजाने देई आणि मूल सज्ञान झाल्यावर त्याला परत करी. विधवेला स्वतंत्र पालक नेमून दिला जाई. मुलींना जमिनीत वाटा असल्यामुळे नवे जोडपे अनेकदा पत्नीच्या माहेराजवळ संसार थाटी आणि गावातील नात्यांचे जाळे स्त्रियांच्या बाजूनेही विणले जाई. आगीत घर गेले तर भरपाई करणारा परस्पर विमाही याच समाजाने चालवला होता. १९२० आणि १९३० च्या दशकांतील मंदीत वाइझेनआम्टची कर्जे बुडाली आणि अनेकांच्या ठेवींसह ही संस्था कोसळली. शेजाऱ्यांची वचनेही अभंग नसतात, याचा हा वेदनादायक पुरावा होता.

शाळेचा प्रश्न

गावाला सर्वांत खोल जखम शाळेच्या प्रश्नाने केली. मेनोनाइट गावातील शाळा हिवाळ्यात चाले. तीत अंकलिपी, धर्मप्रश्नोत्तरी, नवा करार आणि संपूर्ण बायबल अशा पायऱ्यांनी जर्मन भाषेतून शिक्षण दिले जाई. ते पुरेसे आहे का, यावर समाजातच मतभेद होते. १८८९ मध्ये ग्रेटना येथे शिक्षक घडवणारी शाळा निघाली, १८९१ मध्ये कॅन्ससहून आलेले एच. एच. एवर्ट तिचे प्रमुख झाले आणि या सुधारणेवरून पश्चिमेकडील बर्गतालकर मंडळी दुभंगली. एल्टेस्टर योहान फुंक यांच्यासोबत सुधारणावादी अल्पमत राहिले; बहुमताने अब्राहाम डोअर्कसेन यांच्या नेतृत्वाखाली वेगळी वाट धरली आणि त्यांच्या गावावरून त्यांना झोमरफेल्डकर हे नाव पडले.

हा घरातला वाद मिटण्यापूर्वीच बाहेरून घाव आला. १८९७ च्या तडजोडीने मॅनिटोबात इंग्रजीबरोबर दुसऱ्या भाषेतही शिकवण्याची मुभा होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन भाषेविषयीचा रोष वाढला आणि १९१६ मध्ये प्रांताने ही मुभा काढून घेऊन इंग्रजी शाळेतील हजेरी सक्तीची केली. खाजगी शाळांत मुले पाठवणाऱ्या पालकांना दंड झाले, काहींना तुरुंगवास घडला. समाजाने १८७३ चे पत्र न्यायालयापुढे ठेवले, तेव्हा ठरावातील ती छोटीशी भर आणि प्रांतांचा घटनात्मक अधिकार पुढे आले. मॅनिटोबाच्या न्यायालयांत निकाल विरुद्ध गेला आणि १९२० मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अपील दाखल करून घेण्यास नकार दिला. पत्रावर विसंबून समुद्र ओलांडलेल्या पिढीपैकी काही माणसे हा निकाल ऐकण्यासाठी अजून हयात होती.

त्यानंतर पुन्हा निर्गमन सुरू झाले. मेक्सिकोचे अध्यक्ष आल्व्हारो ओब्रेगोन यांनी १९२१ मध्ये नवी सनद दिली आणि १९२२ पासून हजारो परंपरानिष्ठ मेनोनाइट चिवावा प्रांताकडे गेले. १९२६-२७ मध्ये सतराशेहून अधिक माणसे पॅराग्वेच्या चाको या दुर्गम प्रदेशात जाऊन वसली. या दोन्ही लाटांत झोमरफेल्डकर कुटुंबेही होती. त्याच दशकात उलट दिशेने, रशियन क्रांती आणि दुष्काळ यांतून सुटलेले सुमारे वीस हजार मेनोनाइट कॅनडात आले. मॅनिटोबातील काही गावांत अशा रीतीने गेलेल्यांची घरे आलेल्यांनी घेतली, आणि एकाच पंथाचे, एकच बोली बोलणारे हे दोन गट पुढे कितीतरी काळ एकमेकांकडे परकेपणाने पाहत राहिले. लष्करी सेवेतून सूट देण्याचे वचन मात्र बऱ्याच अंशी पाळले गेले. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ७,५०० कॅनेडियन मेनोनाइटांनी विवेकाच्या आधारे शस्त्र नाकारून जंगले, राष्ट्रीय उद्याने, इस्पितळे आणि शेते यांत पर्यायी सेवा केली. हजारो मेनोनाइट तरुण सैन्यातही गेले आणि गावोगावी घराघरांत त्यावरून ताण निर्माण झाले.

भारताशी जुळलेला धागा

नॉयबर्गतालचा भारताशी थेट संबंध नसला तरी या पंथाच्या इतर शाखांचा आहे. मोलोचना वसाहतीतून आलेल्या अब्राहाम फ्रीसेन आणि त्यांच्या पत्नीने १८८९-९० च्या सुमारास आजच्या तेलंगणातील नलगोंडा येथे काम सुरू केले. १८९७ च्या दुष्काळातील मदतकार्यानंतर १८९९ मध्ये अमेरिकेतील मेनोनाइटांनी धमतरी येथे मिशन स्थापन केले. हा भाग तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. विदर्भाच्या पूर्व भागात रूढ असलेली मालगुजारी पद्धत, म्हणजे सरकारला सारा भरण्याची जबाबदारी घेऊन गावावर हक्क मिळवण्याची पद्धत, तिथेही चालत असे, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या मिशनने धमतरीजवळचे बालोदगहन हे गाव खरेदी करून स्वतःकडे मालगुजारी घेतली. जे लोक आपल्या देशात सत्तेपासून अंतर राखण्याचा आग्रह धरत होते, त्यांच्याच पंथबंधूंवर येथे साऱ्याची आणि कुळांची जबाबदारी आली. युक्रेनमधील दुष्काळासाठी १९२० मध्ये स्थापन झालेल्या मेनोनाइट सेंट्रल कमिटी या मदतसंस्थेचे भारतातील काम १९४२ मध्ये बंगालमध्ये सुरू झाले आणि जानेवारी १९९७ मध्ये जगभरातील मेनोनाइटांचे अधिवेशन कोलकात्यात भरले. आज या पंथातील बहुसंख्य लोक आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिका यांत आहेत, आणि प्लाउटडीच बोलणारा गोरा शेतकरी हे त्याचे एक रूप आहे, एकमेव नव्हे.

जपणूक आणि तिची कसोटी

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉयबर्गतालची शाळा बंद झाली, शेते मोठी आणि शेतकरी थोडे झाले, अनेक जण नोकरीसाठी अल्टोनात जाऊ लागले. १९०७ मध्ये तिथे सुरू झालेले फ्रीसेन कुटुंबाचे दुकान पुढे कॅनडातील सर्वांत मोठ्या पुस्तक-मुद्रणालयांपैकी एक बनले आणि परिसराला शेतीबाहेरचा रोजगार मिळाला. राष्ट्रीय दर्जा मिळाल्यानंतर १९९७ मध्ये ग्रामस्थांनी वारसा जपण्यासाठी प्रतिष्ठान स्थापन केले, जुने घर-गोठे दुरुस्त केले, एका घर-गोठ्यात माहिती केंद्र उघडले. घरे खाजगी मालकीची असल्यामुळे ती पाडण्यापासून कोणाला पूर्णपणे रोखता येत नाही. जुनी चौकट जपायची की नवे घर बांधायचे, हा निर्णय अखेर प्रत्येक कुटुंबाचा असतो. म्हणजे गावाची स्थिती आजही १८७६ सारखीच आहे : कायदा व्यक्तीच्या बाजूने आहे आणि गाव उभे आहे ते शेजाऱ्यांच्या संमतीवर.

या इतिहासाचा अर्थ लावताना केवळ चिवट निष्ठेचे कौतुक करून थांबणे अपुरे ठरेल. नॉयबर्गताल टिकले याचे कारण त्याच्या लोकांनी काळाला नकार दिला हे नाही. त्यांनी शेतीची पद्धत बदलली, भाषा बदलली, शाळा गमावली, तरी एकमेकांच्या शेजारी राहण्याचा करार प्रत्येक पिढीत नव्याने केला. सत्तेचे वचन मोडले तेव्हा त्यांच्यातील काहींना मेक्सिको आणि पॅराग्वे येथे नवी सनद, नवी जमीन मिळू शकली. ज्या अनिशिनाबे आणि मेटी लोकांना त्याच सरकारने त्याच काळात शब्द दिला होता, त्यांना जाण्यासाठी दुसरा देश नव्हता, आणि त्यांना न्यायालयाचे दार दीड शतक ठोठावावे लागले. म्हणून ज्या समाजाला मोडलेल्या वचनाची किंमत स्वतःच्या अनुभवातून कळली आहे, त्याच्यावर शेजाऱ्याला दिलेल्या वचनाची आठवण ठेवण्याची जबाबदारी इतरांपेक्षा अधिक येते. नॉयबर्गतालच्या रस्त्याकाठची घरे जपणे हे त्या जबाबदारीचे सोपे अंग आहे. ती घरे ज्या भूमीवर उभी आहेत तिचा संपूर्ण इतिहास सांगणे हे अवघड अंग आहे, आणि या गावाच्या वारशाचे खरे मोल त्यावरूनच ठरेल.